जमिनीखालून आवाज येतात: हे नक्की काय असतं?

पूर्णाकाठचा

मंडळी, एक शंका आहे आणि थोडी काळजीही.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. मी नोकरीसाठी पुण्यात, आई-अण्णा गावाकडेच. आमच्याकडच्या बऱ्याच गावांत कित्येक वर्षांपासून जमिनीखालून आवाज येतात. पांगरा शिंदे हे नाव तुम्ही पेपरात वाचलं असेल, 'गूढ आवाजाने गावकरी भयभीत' या ठरलेल्या मथळ्याखाली. कधी नुसताच लांबून सुरुंग लावल्यासारखा दणका, कधी त्यासोबत पत्रे आणि भांडी वाजतात. २०२४ मध्ये २१ मार्चला पहाटे आणि मग १० जुलैला सकाळी जे धक्के बसले ते दोन्ही ४.५ चे होते, नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. त्यानंतर आईचा फोन आला की पहिलं वाक्य हेच, 'रात्री पुन्हा गुरगुरायलं होतं बघ.'

प्रश्न असे: हे आवाज म्हणजे भूकंपच का? असतील तर कित्येकदा हादरा न जाणवता नुसता आवाज कसा येतो? आणि हे मोठ्या भूकंपाचं लक्षण समजायचं का? आमचं घर जुनं आहे, दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत. अण्णा घर सोडायला तयार नाहीत.

जाणकारांनी कृपया सांगावं. व्हॉट्सॅपवरचं सगळं वाचून झालंय, तेवढं सोडून.

टवाळखोर

आमच्या सोसायटीतही रात्री बारानंतर वरच्या मजल्यावरून गूढ आवाज येतात. यंत्र बसवायला कोणाला सांगायचं?

निवांत_नाना

यात गूढ काही नाही. मराठवाड्यात हजार-हजार फूट बोअर मारून पाणी उपसलंय. खाली पोकळ्या झाल्यात, त्या आता ढासळतायत. आमच्याकडे एका निवृत्त अधिकाऱ्यांनी व्याख्यानात हेच सांगितलं होतं.

खडकू

नाना, पोकळीची गोष्ट सगळ्या महाराष्ट्रात फिरते, पण आपल्याकडच्या दगडाला ती लागू पडत नाही. चुनखडीच्या प्रदेशात पाण्याने दगड विरघळून गुहा होतात आणि छत कोसळतं. आपल्याखाली बेसॉल्ट आहे, काळा पाषाण. त्यातलं पाणी फटींत, सांध्यांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत असतं. ते उपसलं की विहीर कोरडी पडते, खाली दालन तयार होत नाही.

पूर्णाकाठचा, तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. हे बहुतेक भूकंपच, पण अगदी लहान आणि अगदी उथळ. भूकंप झाला की पहिली लहर निघते ती दाबाची, म्हणजे आवाज हवेतून जसा जातो तशीच, फक्त दगडातून. ती जमिनीच्या पृष्ठभागाशी आली की थोडी हवेत उतरते. तिची कंपनं सेकंदाला २० पेक्षा जास्त असतील तर कानाला ऐकू येतात. मोठ्या भूकंपाची ताकद मुख्यतः संथ कंपनांत असते, ती अंगाला कळतात. एक-दीड तीव्रतेच्या भूकंपात सरकणारा तुकडाच इतका छोटा असतो की कंपनं भराभर होतात. एरवी ही भराभर कंपनं वाटेत मरतात. पण केंद्र एक-दोन किलोमीटरवर असेल आणि मधला दगड अखंड, कडक असेल तर ती वरपर्यंत पोचतात. म्हणून दणका ऐकू येतो आणि पाण्याच्या हंड्यात तरंगही उठत नाही. रात्री जास्त येतात असं वाटतं, कारण रात्री बाकी सगळं गप्प असतं.

२००७ च्या सुमारास नांदेड शहरात असाच प्रकार झाला होता. हैदराबादच्या एनजीआरआयच्या (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) लोकांनी यंत्रं लावली तेव्हा केंद्रं फार उथळ निघाली. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून तेच, फक्त जास्त जोरात. तिथे लोक थंडीत तंबूत झोपत होते.

पाण्याचा संबंध असू शकतो, पण नानांनी सांगितला त्याच्या उलट. पावसाचं पाणी फटींतून खोल जातं, तिथला दाब वाढतो, आणि आधीच ताणाखाली असलेली एखादी फट सरकते. पालघरच्या बाबतीत अभ्यासकांनी हा मुद्दा मांडलाय.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे, रात्री लिहितो.

मेघना_ठाणे

वाचतेय. खडकू, तुमच्या प्रतिसादाचा वेगळा लेख करा ना.

कोयनेकर

आमचं निम्मं आयुष्य हे आवाज ऐकण्यात गेलं. पाटण तालुक्यात पाहुणा आला आणि खिडक्या खडखडल्या तर पाहुणा उठतो, आम्ही बसून असतो.

पण ही बेफिकिरी नंतरची. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी जे झालं ते आमच्या घरातल्या मोठ्यांनी कधी हसत सांगितलं नाही. ६.३ चा भूकंप, कोयनानगर जवळजवळ भुईसपाट, दोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणालाही तडे गेले, उंच भिंतीचा उतार जिथे बदलतो नेमका तिथे. नंतर मागून काँक्रीटचे आधार देऊन भिंत जाड केली.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नाही. धरणाच्या आतच भूकंपमापक यंत्र बसवलेलं होतं आणि ते चालू राहिलं. तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पटीहून जास्त झटका नोंदला गेला. आज जगात कुठेही काँक्रीटच्या धरणाचं गणित तपासायचं असलं की संगणकावर कोयनेची ती नोंद चालवून बघतात. माझा भाचा परदेशात एम.एस. करतो, त्याला प्रोजेक्टला 'कोयना' आलं. पोराला घरून पळून काही उपयोग झाला नाही.

सडेतोड

म्हणजे मुद्दा स्पष्ट आहे. धरण बांधलं, भूकंप झाला. हिंगोलीच्या आसपास येलदरी आहे, सिद्धेश्वर आहे, इसापूर आहे. तीन-तीन धरणं उशाशी घेऊन झोपायचं आणि आवाज कसला म्हणून विचारायचं! सरकार हे कधी कबूल करणार नाही.

खडकू

सडेतोड, कोयनेच्या बाबतीत कोणी काही लपवलेलं नाही. धरणामुळे होणाऱ्या भूकंपांचं जगातलं सगळ्यात अभ्यासलेलं ठिकाण तेच आहे, आणि हर्ष गुप्ता यांच्यासारख्या आपल्याच शास्त्रज्ञांनी त्यावर आयुष्य घातलंय. १९६२ च्या सुमारास पाणी साठायला लागलं आणि धक्के सुरू झाले. तेव्हापासून ५ किंवा त्याहून मोठे वीसहून जास्त भूकंप झाले, तेही साधारण २० गुणिले ३० किलोमीटरच्या तुकड्यात. पावसाळ्यात पाणी चढलं की धक्के वाढतात. पाणी किती भराभर चढलं, आधीच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या पुढे गेलं का, वर किती दिवस टिकलं, या सगळ्याचा संबंध त्यांनी दाखवलाय. पुढे वारणेचं धरण भरल्यावर धक्के दक्षिणेकडेही पसरले.

पण गणित करून बघा. शंभर मीटर पाण्याचा दाब म्हणजे साधारण दहा वातावरणांएवढा. ६.३ च्या भूकंपाची ऊर्जा त्यातून येऊच शकत नाही. ती ऊर्जा खडकात आधीपासून ताणाच्या रूपात साठलेली असते. पाणी खोल झिरपून भेगेच्या दोन बाजूंमधली पकड ढिली करतं एवढंच. म्हणून शास्त्रज्ञ धरणाने भूकंप 'केला' असं म्हणत नाहीत, 'चाळवला' म्हणतात. आणि महाराष्ट्रात याच बेसॉल्टवर शेकड्यांनी मोठी धरणं आहेत. उजनीला, जायकवाडीला कोयनेसारखं काही झालं नाही. नुसतं धरण पुरत नाही, खाली सरकायला टेकलेली भेग लागते.

येलदरी-सिद्धेश्वरबद्दल बोलायचं तर पाण्याची पातळी आणि धक्क्यांच्या तारखा एकाखाली एक ठेवून संबंध दिसायला हवा. धरण जवळ आहे हा पुरावा नाही. वसमतला हळदीचा बाजारही जवळच आहे.

टवाळखोर

हळदीचा काही दोष नाही, ती औषधी आहे.

सडेतोड

जगात दुसरीकडे कुठे झालंय का असं, की फक्त आपल्याच नशिबी?

खडकू

झालंय. सहाच्या वरचे म्हणाल तर चीनमधलं शिनफेंगज्यांग (१९६२), झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवरचं करिबा (१९६३), ग्रीसमधलं क्रेमास्ता (१९६६) आणि मग कोयना. चारही एकाच दशकात, कारण उंच धरणं बांधण्याचा तो काळ.

आणि कोयनेला नुसतं वरून बघून थांबले नाहीत. कराडला केंद्र सरकारची भोक पाडून भूकंपाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. २०१७ मध्ये गोठण्याजवळ ३ किलोमीटर खोल भोक पाडून झालं. साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि मग थेट ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे लाव्हा पसरण्याआधीची जुनी जमीन. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झाकली गेलेली. किल्लारीला भूकंपानंतर भोक पाडलं होतं तेव्हा बेसॉल्ट ३३८ मीटरच निघाला. धक्के ज्या भेगांवर होतात त्या बहुतेक या खालच्या जुन्या दगडात, आणि वरून बघून त्या दिसत नाहीत. आपला महाराष्ट्र म्हणजे भूगर्भवाल्यांसाठी गोधडीखाली झाकलेला नकाशा आहे.

लातूरची_लेक

इथे विनोद चाललेत ते वाचून आधी लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण किल्लारीचं नाव निघालं.

मी तेव्हा शाळेत होते, गाव औसा तालुक्यात. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आमचं घर राहिलं, आजोळ राहिलं नाही. त्याहून जास्त लिहीत नाही.

मला सांगायचंय ते वेगळं. आमच्याकडेही आधी आवाज होते. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या आसपास धक्के बसत होते. लोक रात्री बाहेर झोपले, पाहणी झाली, मग धक्के थांबले आणि सगळे घरात परत गेले. तो भाग तेव्हाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. वर्षभराने आठ-दहा हजार माणसं गेली. तेव्हा खडकू, तुम्ही 'लहान आणि उथळ' म्हणता ते शास्त्र म्हणून बरोबर असेल, पण ते वाचून कोणी निर्धास्त होऊ नये.

मेघना_ठाणे

🙏

खडकू

लातूरची लेक, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथूनच सुरू करायचं होतं.

लहान धक्क्यांच्या माळा जगभर होतात आणि बहुतेक वेळा आपोआप विरून जातात. नांदेडची विरली. पालघरला ४ च्या आसपासचे धक्के बसले, त्यापुढे गेलं नाही. किल्लारीच्या आधीची माळ विरली असं वाटलं आणि वर्षभराने ६.२ झाला. घडत असताना या दोन्हींत फरक कसा करायचा हे आज कोणालाही सांगता येत नाही. इथे नाही, जपानात नाही. जो तारीख-वार सांगतो त्याचा व्हिडिओ पुढे पाठवू नका.

लहान धक्क्यांमुळे ताण निघून जातो आणि मोठा टळतो, हेही खूप ऐकू येतं. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट होते. ४.५ आणि ६.२ यांच्यात साडेतीनशे पटींचा फरक पडतो. हिंगोलीसारखे साडेतीनशे धक्के बसले तेव्हा एका किल्लारीएवढी ऊर्जा निघणार. तेव्हा तो दिलासाही फोल.

मराठवाडा भूपट्टांच्या सीमेपासून लांब आहे. ताण फार हळू साठतो, एकाच भेगेवर दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षं जाऊ शकतात. म्हणूनच कोणाच्या आठवणीत, बखरीत नोंद सापडत नाही आणि नकाशावर पट्टा निर्धोक दिसतो. किल्लारीनंतर तो नकाशा बदलला.

संत्रेवाला_काटोल

मी म्हणतो जमिनीखालचंच काहून धरून बसले? आवाज वरतूनही येते ना. आमच्या काटोलला २२ मे २०१२ ला भर दुपारी असा धमाका झाला का लोकाईले वाटलं गोदाम उडालं. अन् मग दगड पडले आभायातून. घराईवर, वावरात. पोट्टे मॅच सोडून दगडं शोधत हिंडले.

टवाळखोर

संत्र्याचा भाव पडला असेल, त्याचा आवाज.

संत्रेवाला_काटोल

तो तर दरवर्षी पडते भाऊ, त्याचा आवाज कोणाले येत नाही.

खडकू

काटोल! आता धागा माझ्या हातातून गेला, माफ करा.

धमाका ध्वनीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त वेगाने येणाऱ्या दगडाचा. तो काटोलचा अशनी, म्हणजे अवकाशातून पडलेला दगड, 'एल ६' जातीचा साधा कॉन्ड्राइट (दगडी अशनींचा एक प्रकार) आहे. साधा म्हणजे पडणाऱ्यांत नेहमीचा. पण आयआयटी खरगपूरच्या मंडळींनी त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले आणि २०२१ मध्ये छापलं की त्यात ब्रिजमनाइट आहे. हे खनिज पृथ्वीच्या पोटात सगळ्यात जास्त आहे, पण ६६० किलोमीटरच्या खाली. तिथून नमुना आणायची सोय नाही, वर येईपर्यंत ते टिकतही नाही. अशनीत ते कसं आलं? अवकाशात दोन लघुग्रह आपटले, क्षणभर प्रचंड दाब आणि उष्णता निर्माण झाली, वितळलेल्या बारीक शिरांमध्ये ते खनिज तयार झालं आणि लगेच गार होऊन अडकलं. आम्ही ३ किलोमीटरचं भोक पाडून खूश होतो, आणि सातशे किलोमीटर खालचं खनिज काटोलच्या वावरात वरून पडलं.

दगडोबा

खडकू साहेब, आमच्या शेतात (सिन्नर) एक काळा जड दगड आहे, लोहचुंबक चिकटतं. आजोबा सांगायचे आकाशातून पडला. किंमत किती येईल?

खडकू

दगडोबा, आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतंच, त्यामुळे चांगलं चुंबक कुठल्याही काळ्या दगडाला थोडंफार ओढ घेतं. दगडाला बुडबुड्यांची भोकं असतील तर तो अशनी नाही असंच धरून चाला, एकतर लाव्हा किंवा भट्टीतली लोखंडाची मळी. ताज्या अशनीवर काळं, पातळ, भाजल्यासारखं कवच असतं आणि आतला भाग बराच फिका. कोपरा घासल्यावर आत धातूचे चकाकणारे कण दिसले तर पुढे बोलू. खरी परीक्षा निकेलची. पृथ्वीच्या वरच्या खडकांत निकेल अगदी कमी, कारण बहुतेक निकेल लोखंडाबरोबर गाभ्यात उतरलं. अशनीतल्या लोखंडात ते हमखास असतं.

आणि किंमतीचं म्हणाल तर आपल्या देशात पडलेले अशनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे जमा करायचे असतात. तहसीलदाराला कळवा. नाव गावाचं लागतं, हा मान मात्र कायमचा. बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये एक पडला. आज मंगळावरून आलेल्या अशनींच्या अख्ख्या जातीला 'शेरगोटाइट' म्हणतात.

टवाळखोर

म्हणजे 'सिन्नराइट' व्हायची संधी आहे. दगडोबा, मागे हटू नका.

शिवाय आकाशातून पडलेलं सगळं अशनी नसतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये चंद्रपूरकडे सिंदेवाहीला लोखंडी कडं पडलं होतं ते आठवतं का? गावकरी उल्का समजून बघायला गेले आणि निघाला चिनी रॉकेटचा तुकडा. तिथे निकेल तपासायची गरजच पडली नाही.

निवांत_नाना

लोणारचं काय मग? तिथे एवढा मोठा अशनी पडला म्हणतात, तुकडा एक सापडला नाही. आमच्या लहानपणी ते ज्वालामुखीचं विवर असंच शिकवायचे.

खडकू

नाना, प्रश्न नेमका आहे. एवढ्या वेगाने आदळल्यावर आदळणाऱ्याची वाफ होते, तुकडा उरत नाही. तरी पुरावे भरपूर आहेत. विवराच्या तळात भोकं पाडली तेव्हा मास्केलिनाइट सापडलं. हा फेल्डस्पार या खडकातल्या खनिजाचा, न वितळता नुसत्या धक्क्याने झालेला काचेसारखा प्रकार. ज्वालामुखीला तेवढा धक्का देता येत नाही. १९७३ मध्ये ते छापून आल्यावर वाद जवळजवळ मिटला. शिवाय विवराभोवती विखुरलेल्या काचेच्या बारीक मण्यांत आजूबाजूच्या बेसॉल्टपेक्षा निकेल जास्त भरतं. ते जास्तीचं निकेल त्या वाफ झालेल्या पाहुण्याचं. दगड गेला, रसायन उरलं.

वयाबद्दल मात्र मोठा घोळ आहे. पाट्यांवर ५० हजार वर्षं लिहिलेलं असतं. २०११ मध्ये आर्गॉनच्या पद्धतीने काढलेलं वय पाच लाख सत्तर हजार आलं. दहापट फरक! माझा कल दुसऱ्या आकड्याकडे आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसॉल्टमध्येच कोरलेलं आणि इतकं शाबूत विवर पृथ्वीवर दुसरं नाही, म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे तिथे येतात.

मेघना_ठाणे

२०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं तेही अशनीमुळे का?

खडकू

नाही, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं होतं.

पूर्णाकाठचा

मंडळी, लोणार आमच्यापासून लांब नाही, अशनीही आवडले, पण माळवद तिथेच आहे हो. अण्णांना काय सांगू?

आणि चंद्रावरसुद्धा २०२३ मध्ये विक्रम लँडरने भूकंपमापक नेऊन ठेवलं, हादरे नोंदवले. आमच्या गावात कधी बसणार?

सॅन_होजेची_सई

एक आकडा नेहमी डोक्यात येतो. इथे कॅलिफोर्नियात १९८९ मध्ये लोमा प्रिएटाचा भूकंप ६.९ चा होता, म्हणजे किल्लारीच्या दहापटीहून जास्त ऊर्जा. ६३ माणसं गेली. किल्लारीला हजारोंनी. केंद्र शहरापासून दूर होतं वगैरे फरक आहेतच, पण मुख्य फरक भिंतींचा. इथे फोनवर इशारा येतो, शाळेत टेबलाखाली बसायची कवायत असते, पण सगळ्यात आधी इमारतीचा कायदा. दगड-मातीच्या घरात टेबलाखाली बसून काय होणार?

सिव्हिलवाला

इतके दिवस वाचत होतो, आता माझ्या कामाचं निघालं. किल्लारीनंतर दुरुस्तीच्या कामांवर होतो, उमरगा-लोहारा भागात.

पूर्णाकाठचा, तुमच्या घराची भिंत बहुतेक दीड-दोन फुटांची किंवा जास्तच जाड असेल. जाड म्हणजे मजबूत असं अण्णांना वाटत असणार. प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात: आतल्या बाजूचे दगड वेगळे, बाहेरचे वेगळे, मध्ये खडी आणि माती भरलेली. हादरा बसला की मधली माती खाली बसते, दोन्ही बाजूंना पोट सुटतं आणि भिंत उकलते. वर माळवदाची माती, दरवर्षी गळतं म्हणून थर चढवत चढवत दोन-दोन फूट झालेली. माणसं मेली ती भिंतीच्या दगडांखाली आणि त्या मातीखाली गुदमरून.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि सगळंच महाग नाही. पहिलं काम, माळवदावरची माती उतरवणं. वीत-दीड वीत ठेवा, वर प्लास्टिकचा कागद आणि पातळ थर, म्हणजे गळणार नाही. हे दोन गडी आणि घमेली लावून होतं. नुसत्या त्याने डोक्यावरचं ओझं निम्म्याहून कमी होतं. दुसरं, भिंतीच्या दोन्ही बाजू एकमेकींना बांधणं. नव्या भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घालतात. जुन्या भिंतीत ठरावीक अंतरावर हळूच दगड काढून आरपार भोक करायचं, सळईचा आकडा घालून काँक्रीट भरायचं. पहारीने ठोकायचं नाही, हाताने सोडवायचं. तिसरं, खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरके आधार. लाकडी खणांचा सांगाडा शाबूत असला तर भिंत पडली तरी छत थोपून राहू शकतं. चौथं, दारांच्या वर चारही भिंतींना कमरपट्ट्यासारखा सलग पट्टा. जाळी आणि सिमेंटचा, आतून-बाहेरून.

एक काम अजिबात करू नका: माळवद काढून त्याच भिंतींवर आरसीसी स्लॅब टाकणं. गावोगाव हेच चाललंय. मातीचं ओझं गेलं म्हणून आनंद, आणि खाली तीच सुटी भिंत.

लातूरची_लेक

सिव्हिलवाला यांच्याशी शंभर टक्के सहमत. आणखी एक, पैसे न लागणारं. झोपायची जागा बदला. जाड भिंतीला लागून खाट नको, ओसरीत किंवा अंगणालगत. उतरंडी, पेट्या, वरच्या फळीवरचे डबे खाली घ्या. दाराची कडी रात्री हाताला लगेच लागेल अशी ठेवा. आमच्याकडे पुनर्वसनात २५०, ४००, ७५० चौरस फुटांची घरं मिळाली, जमिनीच्या मालकीप्रमाणे. भक्कम आहेत. तरी कितीतरी जणांनी पुढे जनावरांसाठी आणि धान्यासाठी शेजारी पुन्हा दगडमातीचीच खोली चढवली. माणूस विसरतो म्हणून नाही, सिमेंटची खोली परवडत नाही म्हणून.

सडेतोड

हे मात्र खरं. यावर सरकारी अनुदान हवं, प्रत्येक गावात.

कोयनेकर

सडेतोड आणि मी पहिल्यांदाच एका बाजूला.

खडकू

पूर्णाकाठचा, यंत्राबद्दल: राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं 'भूकंप' (BhooKamp) नावाचं ॲप आहे. धक्का जाणवला की वेळ आणि ठिकाण कळवता येतं. आईंना सांगा, आवाज आला की घड्याळ बघून वहीत लिहायचं: वेळ, नुसता आवाज की हादराही, भांडी वाजली का. शेजारच्या तीन-चार गावांत कोणी अशीच वही ठेवली तर पुढे यंत्र लावणाऱ्यांना कुठून सुरुवात करायची ते कळेल.

पूर्णाकाठचा

सगळ्यांचे आभार. काल फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. वही आईने लगेच मान्य केली, नातीची जुनी वही घेतली. माळवदाची माती उतरवायला अण्णांचा विरोध: 'उन्हाळ्यात मग झोपायचं कुठं, पत्र्याखाली भाजून घ्यायचं का?' गारव्याचा मुद्दा तसा खरा आहे, आमच्याकडे मे महिन्यात माळवदाच्या घरात पंख्याशिवाय झोप लागते. सिव्हिलवाला, माती कमी केल्यावर उन्हाचं काय करतात?

सिव्हिलवाला

वीतभर मातीही बराच गारवा धरते. दोन फूट लागत नाही, ती गळतीपायी साचलेली असते. वर चुन्याचा पांढरा हात मारा, फरक पडेल. अण्णांना सांगा, पत्रा घालायचा नाहीये.

तुम्ही पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा चार गोष्टी मोजून आणा: भिंतीची जाडी, माळवदावर मातीचा थर किती (कडेला उकरून बघा), खणांतलं अंतर, आणि खांबांच्या बुडाला वाळवी आहे का. भिंतीचे फोटो कोपऱ्यांचे काढा, मधले नको. कोपरे उघडे पडले असतील तर सुरुवात तिथून.

टवाळखोर

आणि वाळवी मोजू नका, फक्त आहे का ते बघा.

पूर्णाकाठचा

पोळ्याला जातोय. मोजून आणतो, इथेच टाकतो.